वेरूळची राणी, दाबोळीच्या पावसात

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका विमानाचा आहे. ते १९५० च्या दशकात सांताक्रूझवरून परदेशी जायचं आणि आज गोव्यात चाकांवर उभं आहे. गेली काही वर्षं मी त्याचे फोटो काढतेय. इतिहासाच्या पॉडकास्टवर फोटोग्राफी कशाला, असं तुम्ही विचाराल. थोडं थांबा, येते त्यावर. बरेच जण हा भाग ऐकण्याऐवजी वाचतात, म्हणून बोलले ते जवळपास तसंच खाली उतरवलंय.

विमानाचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या भाषेत वेरूळची राणी. लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. शेपटीला एक नाही, दोन नाही, तीन उभे पंख. धड सरळ नळकांड्यासारखं नाही, माशासारखं हलकं वळलेलं. जगभरचे विमानवेडे त्याला लाडाने ‘कॉनी’ म्हणतात. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे ही कॉनी उघड्यावर उभी आहे. अंगावर नौदलाचा रंग आणि क्रमांक आयएन ३१५. एअर इंडियाचं नाव आता तिच्यावर कुठे नाही. ती एकेकाळी आपल्या मुंबईची होती, हे समोर उभं राहिलेल्या माणसाला कळणारच नाही.

मी ट्रॉम्ब्याची. म्हणजे तुर्भे, पण नवी मुंबईवालं नव्हे, मानखुर्दच्या पुढचं, खाडीकडचं. आमच्याकडे कॅमेरा घेऊन फिरायचं म्हणजे एक अडचण असते. डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, त्यामुळे त्या दिशेला लेन्स वळवायची नाही, ड्रोनचं तर नावच काढू नका. उरतं काय? खाडी, होड्या आणि आकाश. उत्तरेला बघितलं की घाटकोपरच्या बाजूने एकामागून एक विमानं उतरताना दिसतात. मुंबई विमानतळाची दुसरी धावपट्टी, १४/३२ नावाची, तिच्या दक्षिणेकडच्या टोकापासून आमचा डोंगर जेमतेम आठ किलोमीटरवर. त्या बाजूने उतरायचं तर हा डोंगर आणि त्याखालचं अणुकेंद्र, दोन्ही वैमानिकांच्या आणि सुरक्षावाल्यांच्या डोक्याला ताप. तर विमानांचे फोटो काढायला मी शिकले ते अशा आकाशाखाली.

आणि ट्रॉम्ब्याच्या कुठल्याही मुलीला एका विमानाची गोष्ट शाळेतच कळते. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव ‘कांचनजंगा’, मुंबईहून लंडनला निघालेलं. जिनिव्हाला उतरण्याआधी ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली. त्यात होमी भाभा होते. व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. पुढच्या वर्षी आमच्या इथल्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

शाळेत गोष्ट इथे संपायची. पण पुढचा भाग मला जास्त धरून ठेवतो. त्याच पर्वतावर, जवळपास त्याच जागी, पंधरा वर्षं आधी एअर इंडियाचंच आणखी एक विमान पडलं होतं. ३ नोव्हेंबर १९५०, ‘मलबार प्रिन्सेस’. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला जाणारं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान हेच. अपघाताच्या दिवशी त्यात ४८ जण होते. प्रवासी ४०, बहुतेक सगळे जहाजावर कामाला निघालेले भारतीय खलाशी. वाचवायला वर चढलेला रने पायो नावाचा फ्रेंच वाटाड्याही त्यात गेला. भाभांचं विमान सगळ्यांना माहीत असतं. त्या खलाशांची आठवण आपल्याकडे कुणी काढताना मला तरी दिसलं नाही.

ही दोन्ही विमानं बर्फात गेली. आता बर्फ त्यांना परत देतोय. हिमनदी म्हणजे गोठलेली नदी, ती खाली सरकत असते. वर गाडलं गेलेलं सामान काही दशकांनी खाली, बोसाँ हिमनदीच्या तोंडाशी बाहेर येतं. २०१२ मध्ये भारत सरकारची राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली आणि त्याने ती पोलिसांत नेऊन दिली. २०२० मध्ये तर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेले भारतीय पेपर निघाले, वाचता येतील असे. ते ओले पेपर वाळत घातल्याचे फोटो तुम्ही पाहिले नसतील तर शोधून बघा. कुठलाही फिल्टर नाही, काही नाही. साधा पेपर, आणि अंगावर काटा.

तर मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन होतं, वेरूळच्या राणीचं थोरलं भावंड म्हणा. राणी नंतरच्या, लांबवलेल्या पिढीतली. मलबार प्रिन्सेसची लांबी साधारण २९ मीटर, राणीची ३४ च्या पुढे. एक बर्फाखाली, दुसरी गोव्याच्या खाऱ्या हवेत. दोघींच्या मध्ये ‘काश्मीर प्रिन्सेस’ येते. ११ एप्रिल १९५५ ला बांडुंग परिषदेला चिनी प्रतिनिधींना घेऊन जाताना हाँगकाँगमध्ये तिच्यात टाइम बॉम्ब ठेवला गेला आणि ती समुद्रात कोसळली. १६ जण गेले, तिघे वाचले. कॅप्टन डी. के. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वाचलेल्यांपैकी इंजिनिअर ए. एस. कर्णिक यांनी नंतर त्यावर पुस्तक लिहिलं. यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे थांबते.

राणीकडे येऊ. १९५४ पासून एअर इंडियाने सुपर कॉन्स्टेलेशन घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येकीला राणी केलं. एक अजिंठ्याची, एक वेरूळची, एक झाशीची. इंजिनं चार, प्रत्येकात १८ सिलिंडर. ती इतकी नाजूक होती की विमानवाल्यांचा एक जुना विनोदच आहे: कॉनी हे तीन इंजिनांचं जगातलं सर्वोत्तम विमान. चौथं कुठे ना कुठे बंद पडलेलं असायचंच! तीन शेपट्यांचं कारण नेहमी असं सांगतात की एकच उंच शेपटी ठेवली असती तर विमान तेव्हाच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं.

पण राणीचं राज्य टिकलं किती? १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. १९६२ पर्यंत एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट. पंख्यांच्या राण्या वायुदलाकडे गेल्या आणि पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनने त्या समुद्रावर पहाऱ्यासाठी वापरल्या. १९७६ मध्ये ते काम नौदलाकडे आलं, दाबोळीला ३१२ नंबरची तुकडी उभी राहिली आणि राणी गोव्याला गेली. ज्या खिडक्यांतून प्रवासी ढग बघायचे, त्याच विमानातून आता अरबी समुद्रावरची जहाजं शोधली जायला लागली. १९८० च्या दशकात ती थांबली, तिच्या जागी पुढे रशियन टीयू-१४२ आली.

म्हणजे एका विमानात तीन आयुष्यं. फोटो काढायला गेलात की नेमकी इथेच पंचाईत होते. तुमच्या फोटोत तिसरंच दिसतं.

मी पहिल्यांदा गेले ती पनवेलहून रात्रीची कोकणकन्या पकडून, मडगावला उतरून, बसने वास्को. जून संपत आलेला. लोक म्हणतात पावसात गोव्याला कशाला. विमानासाठी पाऊसच बरा. कडक उन्हात ॲल्युमिनियमचं अंग नुसतं चकाकतं आणि पंखाखाली काळी सावली पडते. ढगाळ उजेडात पत्र्यावरचा एकेक रिव्हेट दिसतो. आणि पाऊस थांबला की काँक्रीटवर डबकी. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते, पाण्याला लागेल इतकी जवळ न्यायची. संपूर्ण विमान डबक्यात, तिन्ही शेपट्यांसकट. माझा सगळ्यात जास्त शेअर झालेला फोटो तोच. खर्च शून्य.

एक मात्र करू नका. अल्ट्रा-वाइड लावून नाकासमोर उभं राहायचं नाही. कॉनीचं धड मुळात वळलेलं आहे, अल्ट्रा-वाइड ते आणखी वाकवतो आणि विमान केळ्यासारखं दिसतं. मागे जा, दुपटीचा झूम लावा, मग तिची खरी कंबर दिसेल.

आता पंखे. जुन्या विमानांचे फोटो काढणाऱ्यांचा पहिला धडा असा की पंखा फिरताना दिसला पाहिजे. शटर फार वेगात ठेवलं तर पाती गोठतात आणि उडतं विमान धाग्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. म्हणून सेकंदाचा १२५ वा भाग किंवा त्याहून सावकाश, आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. वायुदल दिनाला डकोटा किंवा हार्वर्ड उडालं तर करून बघा. फोनवर दोन त्रास होतात. बहुतेक फोनचं छिद्र लहानमोठं होत नाही, त्यामुळे भर उन्हात शटर सावकाश केलं की फोटो पांढरा फटक. संध्याकाळ गाठा, नाहीतर काळी काच लावा. दुसरा त्रास गमतीचा आहे. फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळ ओळ करून वाचतो. तेवढ्यात पंखा पुढे गेलेला असतो. मग पाती कोयत्यासारखी वाकतात, कधी हवेत सुटी तरंगतात.

राणीचे पंखे तर फिरतच नाहीत. मग मी काय करते? एडिटिंगमध्ये फिरवते. पंखा तिरका दिसत असतो, म्हणून आधी तेवढा भाग ताणून गोल करायचा, त्यावर गोलाकार ब्लर द्यायचा आणि परत मूळ कोनात बसवायचा. नाहीतर लगेच नकली वाटतं. आणि सावली विसरू नका! वर चक्री फिरतेय आणि खाली जमिनीवर तीन पाती स्पष्ट, असले फोटो इन्स्टावर ढिगाने पडलेत. मी त्याच फोटोत पुढे जाऊन आकाश बदललंय, पहाटेचं सांताक्रूझ वाटावं असं केलंय, नौदलाचा रंग काढून एअर इंडियाचा लाल-पांढरा चढवलाय. सुंदर झालंय, उगाच नम्रपणा कशाला!

पण मग तो फोटो कशाचा आहे?

हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाहीये. उदाहरण देते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून. १९८२ मध्ये, पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते तोच प्रवास पुन्हा एकटे करून आले, लेपर्ड मॉथमधून. २०२१ मध्ये बोरिवलीच्या आरोही पंडितने त्याच तारखेला भूज ते जुहू असं उड्डाण केलं, आजच्या जमान्याच्या हलक्या विमानातून. तीन उड्डाणं, तीन विमानं, एकच विमानतळ. आता १९८२ चा फोटो घ्या, ब्लॅक अँड व्हाइट करा, थोडे ओरखडे टाका. झाला १९३२ चा. कुणाला कळणार? कळतं, पण त्यासाठी एक गोष्ट माहीत हवी: लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये. ते टपालाच्या पहिल्या फेरीला असणं शक्यच नाही. इतकी साधी तारीख माहीत नसेल तर तो फोटो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जातो, तिथून भित्तिपत्रकावर, आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटतो.

एआयचं तर बोलूच नका. कॉनीचं चित्र मागा, कधी शेपट्या दोन येतात, कधी चार, आणि पंखावरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात.

म्हणून रंग बदलूच नये, असं म्हणणारी मंडळी आहेत. मला ते पटत नाही. ऑस्ट्रेलियात विमानवेड्यांच्या एका संस्थेने एक कॉनी उडत्या स्थितीत आणली. ती मुळात अमेरिकन वायुदलाची मालवाहू. तिला त्यांनी क्वांटासच्या राण्यांसारखा लाल-पांढरा पोशाख चढवला. पण अंगावर क्वांटासचं नाव नाही, तिथे लिहिलंय ‘कॉनी’. लांबून बघणाऱ्याला १९५० चं दशक मिळतं, जवळ जाऊन वाचणाऱ्याला खरं कळतं. वेष आहे, फसवणूक नाही. आपली राणी नेमकी उलटी. खरीखुरी प्रवासी विमान, अंगावर लष्करी कपडे. तिला एका फोटोपुरते जुने कपडे घालायला काय हरकत आहे? फक्त चित्राच्या कोपऱ्यात लिहायचं: रंग, आकाश आणि पंख्यांची गती नंतर केलेली, विमान आयएन ३१५, अमुक तारखेला दाबोळीत. कॅप्शनमध्ये नाही, चित्रावरच. कॅप्शन पहिल्या फॉरवर्डलाच गळून पडते. आणि मूळ फोटो, एकही हात न लावलेला, तारखेसकट जपून ठेवायचा.

त्या मूळ फोटोची किंमत मला विक्रांतने शिकवली. आयएनएस विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. लहानपणी मी तिच्यावर गेलेय. बाबांच्या दोन मेगापिक्सेलच्या फोनवर हँगरमधल्या एका विमानाचं नाक टिपलंय, निम्मं बोटाने झाकलेलं. २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झालं. २०१४ मध्ये ६० कोटींना जहाज भंगारात विकलं गेलं आणि दारूखान्याच्या बाजूला ते तोडलं. त्याच्या लोखंडातून पुढे मोटरसायकली निघाल्या, तुम्ही जाहिरात बघितली असेल. जहाज वाचवायला मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण त्या हँगरचे, शिड्यांचे, दारावरच्या पाट्यांचे नीट फोटो किती जणांकडे आहेत? लोकांनी डेकवर उभं राहून स्वतःचेच काढले. मीही त्यातलीच, पण निदान ते एक नाक आहे माझ्याकडे.

राणी तोडली जाणार, असं मी म्हणत नाही. पण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्र हाकेवर. खारी हवा ॲल्युमिनियमला आतून खाते. आधी रंगाखाली फुगे येतात, मग पांढरी भुकटी. म्हणून मी आता जाते तेव्हा दोन कामं करते. एक, माझं कलाकुसरीचं. दुसरं कंटाळवाणं: विमानाभोवती दर दोन पावलांवर एक फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६० टक्के भाग यायलाच हवा, एक फेरी खालून, एक छातीच्या उंचीवरून, एक फोन डोक्यावर धरून. दोन-तीनशे फोटो होतात. हे सगळे संगणकाला दिले की तो त्यातून विमानाची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो, रिव्हेटसकट. चकाकत्या पत्र्यावर हे सॉफ्टवेअर गोंधळतं, ढगाळ दिवशी ऐकतं. पाऊस बरा म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

आणि दर खेपेला डाव्या पंखाखालच्या एका ठरावीक ठिकाणी उभी राहून एक फोटो, त्याच उंचीवरून. तीन वर्षांचे तीन फोटो एकावर एक ठेवले की डाग कसा सरकला ते दिसतं. या तिघांचं मी एक चित्र केलंय, उभ्या पट्ट्यांचं: डावी पट्टी पहिल्या वर्षाची, मधली दुसऱ्या, उजवी आत्ताची. लोकांना वाटतं मी रंग बदलला. त्यात एकही रंग माझा नाही.

तिथे गेलात तर राणीवरच थांबू नका. छोटं शॉर्ट सीलँड बघा, पाण्यावरही उतरणारं. १९५३ मध्ये नौदलाला मिळालेलं पहिल्या जातीचं विमान ते, जगात फार थोडी उरलीत. सी हॉक आणि अलिझे ही विक्रांतवरून उडणारी विमानं. जहाज गेलं, ही राहिली.

बाकी राहिलं राणीचं पहिलं आयुष्य, सांताक्रूझचं. ते कुठल्याच फोनमध्ये सापडणार नाही, ते घराघरांत आहे. कालिन्याला एअर इंडियाची वसाहत होती. तिथे आणि विलेपार्ले, कुर्ला, चेंबूरला किती मराठी घरांतली माणसं इंजिनिअरिंगमध्ये, सामान चढवण्यात, स्वयंपाकघरात कामाला होती! आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, यजमान एअर इंडियात होते. त्यांच्या अल्बममध्ये काळ्या कागदाच्या कोपऱ्यांत अडकवलेला फोटो: सहा माणसं, तेलकट डांगऱ्या, मागे तीन शेपट्या. मी फोनने पटकन टिपणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, “अगं, उलटा करून बघ ना.” मागे पेन्सिलीने सहाही नावं, ‘सांताक्रूझ १९५७’ आणि कंसात ‘नं. ३ बदलले’. म्हणजे तीन नंबरचं इंजिन. चार इंजिनांचा तो विनोद त्या सहा जणांनी हातांनी निस्तरला होता.

तर तुमच्या घरी असा अल्बम असेल तर या रविवारी काढा. फोटो खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद, फोन वरून सरळ धरा. ॲप ‘सुधारू का?’ म्हणून विचारेल, त्याला नाही म्हणा. आधी पुढची बाजू टिपा, मग मागची. आणि आजी-आजोबा असतील तर शेजारी बसवून रेकॉर्डिंग चालू ठेवा, कोण कुठला ते त्यांनाच सांगू द्या.

पुढच्या भागात काश्मीर प्रिन्सेस. भेटूच.